सीपॅप उपचारातील नोंदी आणि उरणारा थकवा

झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकारास स्लीप ॲप्निया किंवा निद्राश्वासरोध असे म्हणतात. त्याच्या अवरोधी प्रकारात घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. मास्कमधून दाबयुक्त हवा सतत देऊन हा मार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्रास सीपॅप म्हणतात. यंत्रात रोजच्या वापराच्या नोंदी साठतात. नोंदी समाधानकारक असूनही काही रुग्णांचा दिवसाचा थकवा टिकून राहतो. यंत्र हवेचा प्रवाह मोजते, मात्र झोप मोजत नाही. ही विसंगती समजून घेताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील सीपॅप उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील शहरी पुरुषांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्यासोबत दिवसा अतिनिद्रा असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते.

नोंदींचे वाचन

यंत्राच्या पडद्यावर, मेमरी कार्डात किंवा मोबाइल ॲपमध्ये सामान्यतः पुढील नोंदी आढळतात.

निर्देशांक : किमान दहा सेकंद श्वास थांबणे (ॲप्निया) आणि श्वास उथळ होणे (हायपोप्निया) या घटनांची ताशी सरासरी म्हणजे एएचआय. निदानाच्या वेळी ५ पेक्षा कमी निर्देशांक सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा अधिक तीव्र मानला जातो. उपचार चालू असताना तो ५ च्या खाली असावा, अशी अपेक्षा असते.

वापराचे तास : यंत्र सुरू असलेला वेळ.

गळती : मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडावाटे निसटणारी हवा. मास्कच्या छिद्रांतून बाहेर जाणारी हवा हेतुपुरस्सर असते. काही कंपन्यांची यंत्रे ती वगळून आकडा देतात, तर काही ती धरून एकूण आकडा देतात. त्यामुळे दोन वेगळ्या यंत्रांच्या गळतीची थेट तुलना करता येत नाही.

दाब : हा पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. स्वयंचलित यंत्रे ठरवून दिलेल्या मर्यादेत तो कमीजास्त करतात.

निर्देशांकाची मर्यादा

प्रयोगशाळेतील निद्रातपासणीत मेंदूचे विद्युत्-तरंग व रक्तातील प्राणवायूही नोंदला जातो. घरगुती यंत्रात सहसा ही सोय नसते. रुग्ण मास्क लावून जागा पडून असला, तरी तो वेळ वापरात धरला जातो. याउलट मास्क काढल्यानंतरची झोप हिशेबातच येत नाही.

उदाहरणार्थ, उपचाराविना ताशी ३० घटना होणारा रुग्ण सात तास झोपतो, परंतु चार तासांनी मास्क काढून ठेवतो. मास्क असताना ताशी २ याप्रमाणे ८ आणि नंतरच्या तीन तासांत ९०, अशा एकूण ९८ घटना होतात. संपूर्ण रात्रीची सरासरी ताशी १४ येते, पण यंत्र २ हाच आकडा दाखवते. स्वप्ननिद्रेचा मोठा भाग पहाटेकडे येतो आणि त्या अवस्थेत श्वासरोध बहुधा वाढतो. त्यामुळे प्रत्यक्षातील फरक आणखी मोठा असू शकतो.

‘रात्री चार तास वापर’ हा प्रचलित निकष अमेरिकेतील विमा-भरपाईच्या नियमांमुळे रूढ झाला. टेरी वीव्हर व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात चार तासांपलीकडेही वापर वाढेल तशी अधिक रुग्णांची निद्रालुता व दैनंदिन कार्यक्षमता सुधारलेली दिसली.

थकवा उरण्याची इतर कारणे

गळतीमुळे झोप वारंवार मोडू शकते. काही रुग्णांत उपचार सुरू झाल्यावर मेंदूकडून श्वासाचा संदेश न मिळण्याचा, म्हणजे केंद्रीय प्रकारचा, श्वासरोध दिसू लागतो. याशिवाय अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मधुमेह, नैराश्य, मद्यपान आणि गुंगी आणणारी औषधे यांमुळेही थकवा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून थकव्याचा दोष केवळ यंत्राला देणे योग्य ठरत नाही.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती

परभणी हा मराठवाड्यातील शेतीप्रधान जिल्हा आहे. राज्यात शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याची पद्धत राहिली आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभरा किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास रात्री शेतावर थांबावे लागते. अशा रात्री यंत्राचा निर्देशांक उत्तम आणि वापर चार तासांचा दिसला, तरी झोपही चारच तासांची झालेली असते. ही उणीव दाब वाढवून भरून निघत नाही.

उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. घामामुळे मास्क सरकतो आणि गळती वाढते. अंगणात किंवा गच्चीवर झोपताना यंत्रासाठी वीजजोडणी मिळत नाही. वीज गेल्यास यंत्र बंद पडते. अशा ठिकाणी इन्व्हर्टर किंवा बॅटरीचा उपयोग होतो. बॅटरीवर असताना आर्द्रताकारक बंद ठेवल्यास विजेची बचत होते.

थकव्याचे मोजमाप व पुढील तपासणी

मेलबर्नचे मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या एपवर्थ मापनीत आठ प्रसंगांत डुलकी लागण्याच्या शक्यतेस ० ते ३ गुण देतात. २४ पैकी १० पेक्षा अधिक गुण अतिनिद्रा सूचित करतात. डॉक्टरांकडे जाताना हे गुण, यंत्राच्या नोंदी आणि दोन आठवड्यांची झोपेची वही सोबत असल्यास कारण शोधणे सुकर होते. वहीत झोपण्याची, उठण्याची, मास्क काढल्याची आणि वीज गेल्याची वेळ लिहावी. त्यानंतर गरजेनुसार रक्ततपासणी किंवा पुन्हा निद्रातपासणी केली जाते. सर्व कारणे दूर करूनही निद्रालुता राहिल्यास जागृती टिकवणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात.

डुलकी येत असेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा अन्य वाहन चालवणे धोक्याचे असते. थकवा कायम आहे म्हणून उपचार सोडून दिल्यास मूळ श्वासरोध परत येतो.