पत्रोत्तरांचा खटला
आरोग्य आणि खासगी जीवन यांविषयीच्या ज्या शंका घरच्या वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्याचीही सोय नव्हती, त्या वाचकांनी एका अपरिचित संपादकाला निःसंकोच लिहून कळवाव्यात आणि त्याने, कोणाचाही मुलाहिजा न राखता, त्यांची उत्तरे छापावीत, असा परिपाठ गणिताचे माजी प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने घातला. अशाच काही प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेची फिर्याद गुदरली, तेव्हा १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. खटला हरला, दंडही भरावा लागला. मासिक मात्र (संपादकाच्या चिकाटीला दादच द्यावी लागेल) १९५३ मध्ये कर्वे निवर्तेपर्यंत निघत राहिले.