समुद्राच्या हवाली केलेली पत्रे

पत्र लिहून तयार आहे, पण ते न्यायला कोणी येणारच नसेल तर? स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरातल्या सेंट किल्डा बेटावरील रहिवाशांपुढे हा प्रश्न दर हिवाळ्यात उभा राही. सर्वांत जवळची वस्तीची बेटेही तेथून सुमारे ६५ किलोमीटर दूर! उन्हाळ्यात जमीनदाराचा कारभारी बोटीने येई. खंडापोटी तो समुद्रपक्ष्यांची पिसे, तेल आणि हातमागाचे लोकरी कापड घेई व गरजेच्या वस्तू देऊन परत जाई. मग कित्येक महिने जगाशी संबंध तुटलेला.

जानेवारी १८७७ मध्ये एक ऑस्ट्रियन जहाज या बेटापाशी फुटले. नऊ खलाशी वाचले. बेटावर आधीच धान्य बेताचे, त्यात ही नऊ तोंडे वाढली. तरी बेटवासीयांनी त्यांना आसरा दिला. जॉन सँड्स हे पत्रकार तेव्हा तेथेच अडकून पडले होते. ३० जानेवारीला त्यांनी बाटलीत चिठ्ठी घातली, बाटली जहाजाच्या जीवरक्षक कड्याला बांधली आणि समुद्रात सोडून दिली. नऊ दिवसांनी ती ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्याला लागली! फेब्रुवारीतच नौदलाचे जहाज मदतीला हजर झाले.

बेटवासीयांनी ही युक्ती उचलली. लाकडाचा तुकडा होडीसारखा तासायचा, तो कोरून आत डबी किंवा बाटली बसवायची, तीत पत्र आणि तिकिटापुरती एक पेनी ठेवायची. झाकणावर 'कृपया उघडा' अशी अक्षरे. तरंगण्यासाठी मेंढीची फुगवलेली मूत्रपिशवी बांधायची आणि वायव्येचा वारा सुटला की होडी सोडायची. ज्याला ती सापडे, तो पत्र पोस्टात टाकी. सुमारे दोन-तृतीयांश पत्रे कोणाच्या ना कोणाच्या हाती लागत. काही मात्र थेट नॉर्वेला जात! १८८५ मध्ये वादळाने पिके गेली, तेव्हाही अशाच होडीने मदतीची हाक पोचवली.

पुढे ग्लासगोहून उन्हाळी आगबोटी येऊ लागल्या. पर्यटक कापड विकत घेत. बेटावर टपाल कचेरीही उघडली. पण हिवाळा तसाच राहिला आणि तरुण मंडळी एकेक करून निघून गेली.

१० मे १९३० रोजी बेटवासीयांनी सरकारला आणखी एक पत्र लिहिले. या वेळी मागणी धान्याची नव्हती. 'आम्हाला येथून न्या' अशी होती. २९ ऑगस्टला उरलेल्या ३६ जणांनी बेट सोडले. निघताना घराघरांत त्यांनी उघडे बायबल आणि मूठभर ओट ठेवले होते.