मोठा प्लेनर घेण्याआधी

फळी एकसारख्या जाडीची करणारा बारा-तेरा इंची प्लेनर घरच्या सुतारकामाला बहुधा पुरतो. पंधरा इंचीकडे मन वळतं ते रुंद फळ्या हाती आल्यावर. पण माझ्या मते जादा पैसे रुंदीपेक्षा कटरहेडवर खर्च करावेत. सरळ लांब पात्यांखाली गाठीभोवतीचे, उलट्या रेषांचे तंतू उपसून येतात आणि फळीला खळगे पडतात. हेलिकल कटरहेडवर कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे सर्पिल ओळींत बसवलेले असतात. ते तिरके कापतात, आवाजही कमी करतात. एक कड बोथट झाली की तुकडा फिरवून दुसरी पुढे आणायची.

3 अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे सव्वादोन किलोवॅट, आणि सुरू होताना ती कितीतरी जास्त करंट ओढते. तिला वेगळी वायर, वेगळा एमसीबी हवाच. ढलप्यांचा ढीग घरगुती व्हॅक्यूमला झेपत नाही. भुसा ओढणारं यंत्र घ्याच. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक आहे.

जागाही मोजा: सहा फुटी फळीला यंत्राच्या पुढे सहा फूट लागतात आणि मागेही तेवढेच. वाकडी फळी मात्र कितीही मोठा प्लेनर सरळ करत नाही. रोलर तिला दाबून सपाट धरतात, बाहेर पडली की ती पुन्हा वाकते. आधी एक बाजू जॉइंटरवर किंवा हातरंध्याने सपाट करून घ्यावी लागते.