तेल खालसा झाले, त्याची सुट्टी

नौरोजच्या उंबरठ्यावर, इस्फंद महिन्याच्या २९ तारखेस, इराणात सरकारी सुट्टी असते. ती कोणा सम्राटाच्या अथवा सत्पुरुषाच्या स्मरणार्थ नसून भूगर्भातील तेल राष्ट्राच्या मालकीचे झाले त्या दिवसाची आहे. १९०१ साली शहाच्या दरबाराने विल्यम डार्सी नामक इंग्रजास ६० वर्षांच्या मुदतीची जी सनद दिली, तिच्या जोरावर वाढलेल्या ब्रिटिश कंपनीचा मक्ता २० मार्च १९५१ रोजी कायद्याने संपला. ज्यांनी हा लढा चालविला ते मोसाद्देक पुढे पंतप्रधान झाले आणि १९५३ साली ब्रिटिश व अमेरिकन गुप्तहेरांच्या साह्याने पदच्युतही झाले. सुट्टी मात्र टिकली.

मेक्सिकोत असाच मान १८ मार्चला आहे, जरी त्या दिवशी कचेऱ्या बंद नसतात. १९३८ साली कामगारांच्या वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निवाडा परदेशी कंपन्यांनी मानला नाही, तेव्हा अध्यक्ष कार्देनास यांनी त्यांची मालमत्ता खालसा केली, आणि नुकसानभरपाईचा निधी उभारण्यासाठी बायका दागिने, इतकेच नव्हे तर कोंबड्यासुद्धा घेऊन आल्या. 

आपल्याकडे असा दिवस नाही. वास्तविक इराणातील त्या घटनेचा एक धागा थेट मुंबईला येऊन पोचतो. हिंदुस्थानात तेलशुद्धीकरणाचे कारखाने काढण्यास तोवर नाखूष असलेल्या परदेशी कंपन्या, इराणातील अबादानचा प्रचंड कारखाना ब्रिटिशांच्या हातून गेल्यावर, १९५१ सरण्यापूर्वीच आपल्या सरकारशी करार करून मोकळ्या झाल्या. स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ साली ट्रॉम्बे येथे आणि बर्मा-शेलचा १९५५ साली माहुलला सुरू झाला. परंतु इराणचा धडा त्या विसरल्या नव्हत्या: २५ वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नाही, अशी हमी त्यांनी लिहून घेतली होती. त्या हमीच्या बळावर त्यांची वागणूकही मालकाची राहिली. १९६० साली तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय यांनी स्वस्त रशियन तेल आणू म्हटले, तेव्हा ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास या कंपन्यांनी साफ नकार दिला.

१९७३ च्या तेलसंकटाने भाव कडाडले आणि पारडे फिरले. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या छिद्रणमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधले. त्याच वर्षी स्टॅनव्हॅकची वारस असलेल्या एस्सोचा ७४ टक्के हिस्सा सरकारने घेतला, २४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेल सरकारजमा झाली, आणि वर्षअखेरीस कॅलटेक्स ही तिसरी परदेशी कंपनीही. बर्मा-शेलची ‘भारत रिफायनरीज’ व १९७७ पासून ‘भारत पेट्रोलियम’ झाली. वाटाघाटी, मोबदला, कायदा, राजपत्र अशा सरळ वहिवाटीने ही मालकी पालटली. आणीबाणीच्या त्या काळात मिरवणुका निघण्याजोगे वातावरणही नव्हते. मला स्वतःला ही रुक्षता मानवते, कारण तिच्यात कोणाचे सरकार उलथले नाही. तथापि ज्या व्यवहारात गर्दी नव्हती त्याची आठवण राखायला कोणी उरत नाही, हा तोटाही तिच्याच पोटी येतो.

तो तोटा कालांतराने दिसून आला. संसदेने कायदा करून घेतलेल्या हिंदुस्थान पेट्रोलियम (पूर्वीची एस्सो) व भारत पेट्रोलियम या कंपन्या संसदेस विचारल्याविना खाजगी हाती देता येणार नाहीत, असे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. पुढे २०१६ साली कालबाह्य कायद्यांची जी रद्दी काढण्यात आली, तीत १९७६ चा बर्मा-शेल अधिग्रहणाचा कायदाही निकालात निघाला, आणि त्याची वाच्यता फारशी झालीच नाही. २०१९ मध्ये भारत पेट्रोलियमची विक्री मंत्रिमंडळाने मंजूर केल्यावर पुष्कळांस ते कळले. ती विक्री २०२२ मध्ये रद्द झाली, तीही कोणी रस्त्यावर उतरले म्हणून नव्हे, तर बोली लावणारे गळत गेले म्हणून.