शाळा सुटते, वारा सुटतो

आमच्या जुहूला आता उंच इमारती पुष्कळ झाल्या आहेत. अशाच एका इमारतीवर संगमेश्वरकडचा एक गडी वॉचमन आहे. चाळिशी उलटल्यावर तो लिहावाचायला शिकला. मराठी नीट आले, तसा त्याने इंग्रजीचाही नाद धरला. कुठे पाटी दिसली की थांबायचे आणि अक्षरे लावायची, ही त्याची सवय.

एके दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, आमच्या जिन्यापाशी नवी पाटी लावलीय. 'अलार्म' म्हणजे धोक्याची घंटा, हे मला ठाऊक आहे. पुढं लिहिलंय 'गोज ऑफ'. 'गो' म्हणजे जाणे. 'ऑफ' म्हणजे बंद. म्हणजे घंटा बंद पडली तर सगळ्यांनी जिन्यानं खाली उतरायचं, असंच ना?"

आम्ही दचकलोच. अर्थ नेमका उलटा झाला होता! 'अलार्म गोज ऑफ' म्हणजे घंटा वाजू लागते. आम्ही म्हटले, "अरे बाबा, घंटा वाजली की उतरायचं. आग लागली आणि तू घंटा थांबायची वाट बघत बसलास, तर काय होईल?"

तो म्हणाला, "पण गुरुजी, दिवा ऑफ म्हणजे बंद. पंखा ऑफ म्हणजे बंद. मग घंटाच तेवढी ऑफ झाल्यावर चालू कशी?"

त्याचे विचारणे रास्त होते. वाचकहो, आज आपण त्याच्याच प्रश्नाचे उत्तर शोधू. त्यासाठी आधी आपल्या मराठीकडे पाहू.

'अंग' आणि 'येणे' हे दोन शब्द घ्या. मारका बैल अंगावर येतो. जत्रेत कुणाच्या अंगात येते. खोटी साक्ष दिली तर ती अंगाशी येते. अंग तेच, येणे तेच. बदलले काय? 'वर', 'त' आणि 'शी'. एवढेसे शेपूट बदलले आणि अर्थ पार बदलून गेला. आपण हे लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून आपल्याला त्याचे नवल वाटत नाही.

इंग्रजीतही असेच आहे. फरक इतकाच की, आपले 'वर' आणि 'त' हे नामाला चिकटतात. इंग्रजीत ऑन, ऑफ, इन, आऊट, अप, डाऊन असले छोटे शब्द क्रियापदाच्या मागोमाग सुटे उभे राहतात. 'लुक' म्हणजे पाहणे. 'लुक ॲट' म्हणजे एखाद्या वस्तूकडे पाहणे. 'लुक फॉर' म्हणजे हरवलेली वस्तू शोधणे. आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे. आपणही म्हणतोच की, "म्हाताऱ्या आईकडे कोण बघतं?" तिथे बघणे म्हणजे सांभाळणेच, नाही का?

आता त्या 'ऑफ'कडे वळू. 'ऑफ' म्हणजे बंद, एवढेच धरून चालत नाही. त्याचा मूळ भाव आहे सुटणे, अलग होणे. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुष्कळ गाठी सुटतील.

जुहूचेच उदाहरण घ्या. इथे समुद्राजवळ 1928 साली विमानतळ झाला. 15 ऑक्टोबर 1932 या दिवशी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन, एका इंजिनाचे लहान विमान स्वतः चालवत कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला थांबून ते या जुहूच्या विमानतळावर उतरले. आज या तळावरून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. विमान जमीन सोडून वर उठते, त्याला इंग्रजीत 'टेक ऑफ' म्हणतात. 'टेक' म्हणजे घेणे. पण इथे घेण्याचा संबंध नाही. विमान जमिनीपासून सुटले, एवढाच अर्थ.

हेच 'टेक ऑफ' देवळाच्या दाराशी पाटीवर दिसले, तर तिथे विमान नसते! तिथे अर्थ असतो, पायातल्या चपला काढा. चपला पायापासून सुटल्या. बसमधून उतरणे म्हणजे 'गेट ऑफ'. उतारू बसपासून सुटला. दिवा 'स्विच ऑफ' केला, म्हणजे दिवा विजेपासून सुटला. सभा 'पुट ऑफ' केली, म्हणजे सभा ठरल्या दिवसापासून सुटली, पुढे ढकलली गेली.

मग घंटेचे काय? आपलाच 'सुटणे' हा शब्द पाहा. शाळा सुटते, म्हणजे संपते. पण वारा सुटतो, म्हणजे वाहू लागतो. घाम सुटतो, म्हणजे येऊ लागतो. बंदुकीची गोळी सुटते, तेव्हा बार उडतो. एकच सुटणे, पण एकीकडे शेवट आणि दुसरीकडे सुरुवात! बंदुकीचा बार उडाला की इंग्रजीत 'गोज ऑफ' म्हणतात. घंटेचेही तसेच समजा. दाबून धरलेली घंटा मोकळी सुटली आणि ठणाणा वाजू लागली. दिव्याच्या बाबतीत मात्र 'गोज ऑफ' म्हणजे दिवा गेला. म्हणून दोन शब्द वाचून थांबू नये. गोष्ट कशाची चालली आहे, दिव्याची की घंटेची, हेही पाहावे.

हे ऐकल्यावर वॉचमनने कपाळाला हात लावला. म्हणाला, "शाळा सुटते आणि वाराही सुटतो! आपल्याच घरात होतं की हो हे!"

आता पोटापाण्याची गोष्ट सांगतो. गावातली पुष्कळ मुले कारखान्यात कामाला जातात. कधी तिथे कागद लागतो आणि त्यात 'ले-ऑफ' हा शब्द असतो. कामगार घाबरतो. नोकरी गेली असे समजून बिऱ्हाड उचलतो आणि गाव गाठतो. पण कायद्यात 'ले-ऑफ' म्हणजे नोकरीवरून काढणे नव्हे. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडले, अशा कारणाने मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते, त्याला 'ले-ऑफ' म्हणतात. कामगार कामापासून सुटला, नोकरीपासून नव्हे.

1947 सालच्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली ही व्याख्या घातली गेली. 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात ज्याची सलग एक वर्ष नोकरी झाली आहे, अशा कामगाराला त्या दिवसांची मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई ठरली. बदली कामगार आणि नैमित्तिक (कॅज्युअल) कामगार यांना ती नाही. आणि एक अट आहे. दिवसातून एकदा तरी ठरल्या वेळी कामावर जाऊन हजर राहायला हवे. न गेल्यास भरपाई मिळत नाही. 2020 सालच्या औद्योगिक संबंध संहितेतही या गोष्टी ठेवल्या आहेत. आता सांगा, एका 'ऑफ'चा अर्थ चुकला आणि माणूस गावी निघून गेला, तर केवढे नुकसान! बोलताना मात्र पुष्कळ लोक नोकरीवरून काढण्यालाही 'ले-ऑफ'च म्हणतात. म्हणून कुणी तोंडी काय सांगितले, यावर जाऊ नये. कागद जाणत्या माणसाकडून पुरता वाचून घ्यावा, मगच सही करावी.

तेव्हा मंडळी, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, क्रियापद आणि त्यामागचा छोटा शब्द यांचा अर्थ जोडीने लावा. दुसरी, हा छोटा शब्द कधी दूर जाऊन बसतो. 'स्विच ऑफ द लाइट' म्हणतात, तसेच 'स्विच द लाइट ऑफ' असेही म्हणतात. म्हणून वाक्य शेवटपर्यंत वाचा. तिसरी, अडले तर विचारा. त्यात लाज कसली? आमचा वॉचमन विचारायला आला, म्हणूनच ही चूक वेळेवर कळली.

दुसऱ्या दिवशी त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घेतली. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत मराठी मजकूर लिहिला आणि तो पुठ्ठा त्या इंग्रजी पाटीखाली टांगला. मजकूर असा होता: "घंटा वाजू लागली की जिन्याने खाली उतरा. लिफ्टमध्ये जाऊ नका."

आम्ही जाऊन वाचला. त्यात एकही चूक नव्हती.