पोटखराब्यातली बिलंदर मंडळी

उत्तर ध्रुवाकडच्या डोंगराळ टुंड्रात जमीन बारा महिने खालून गोठलेली आणि उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. तिथला बुटका विलो जातीने झाडच, पण उंचीने आपल्या घोट्यालाही लागत नाही.

हा प्रकार बघायला पुणेकरांनी नॉर्वेचं तिकीट काढायची गरज नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे कातळसडे हाच संसार मांडून बसलेत. तिकडे थंडी छळते, इकडे ऊन आणि पाण्याचा खडखडाट. सरकारदरबारी अशा जमिनीची किंमत एका शब्दात: पोटखराबा.

या पोटखराब्यात मेलेलं गवत उठून बसतं. कातळाच्या भेगेतलं ट्रायपोगॉन एप्रिलमध्ये पार वाळून कोळ होतं. पहिला पाऊस पडला की तीच वाळकी पानं हिरवी होतात, नवी फुटायची वाटही बघत नाहीत. पश्चिम घाटात असे चिवट प्रकार जेमतेम नऊ, असं समजलं जात होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 2023 मध्ये ती यादी थेट 62 वर नेली. त्यातलं एक गवत तर चक्क झाडाच्या सालीवर राहतं.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात तर सेल्फी आवरल्यावर जरा उकिडवे बसा. तीन-चार पावलांत वस्ती बदलते. उघड्या कातळावर शेवाळं, खळग्यातल्या पाण्यात वायतुरा, पाणी झिरपतं तिथे गेंदाची पांढरी बटणं, मातीचा थर जरा जाड झाला की सोनकी आणि तेरडा. ओल्या जागी नखाएवढी निळी-जांभळी फुलं दिसतील, ती सीतेची आसवं. नाव सोज्वळ, पण धंदा शिकारीचा! मुळांच्या जागी इवल्या पिशव्या. सूक्ष्म जीव दाराशी आला की पापणी लवायच्या आत आत ओढला जातो. शेजारचा दवबिंदू चिकट थेंब लावून किडे धरतो. पावसाने धुतलेल्या या मातीत नत्राची बोंब, म्हणून हा मांसाहार. दवबिंदूचे भाऊबंद ध्रुवाकडच्या दलदलीतही याच कारणाने किडे खातात.

कंदीलपुष्पाची तऱ्हा निराळी. माशी फुलाच्या नळीत शिरते, पण आतले केस खाली वळलेले असल्याने तिला परत चढता येत नाही. केस कोमेजले की सुटका, अंगावर परागांचं गाठोडं घेऊन. खून नाही, नुसती कोठडी.

शिंदळ माकुडीला मात्र मानाचं पान द्यायला हवं. 1860च्या दशकात डाल्झेल या वनाधिकाऱ्याने जुन्नरजवळच्या डोंगरावरून तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला चिकटवलं. तिच्या जवळच्या नातलगांना धड पानं नसतात; ही पावसाळ्यात पानं मिरवते, उन्हाळ्यात झाडून टाकते आणि जाड खोडावर दिवस काढते. शिवनेरीच्या कड्यावर ती अशा जागी लटकते की शेळीचं तोंड पोचू नये. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठे सापडत नाही.

आणि एक बातमी पुण्याच्या वेशीवरची. तळेगाव दाभाड्याच्या गवताळ माळावर डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही नवी वनस्पती सापडली, 2024 मध्ये जाहीर झाली. पावसाळ्यानंतर ती एकदा फुलते. मग माळाला वणवा लागला की होरपळलेल्या बुंध्यातून उठून मे-जूनमध्ये पुन्हा फुलते. म्हणून काडी लावत सुटू नका. बाकीच्या झाडांना ही कला अवगत नाही.

जाता जाता स्वयंपाकघरातलं. टुंड्रातले रेनडिअर हिवाळाभर बर्फ उकरून ज्यावर जगतात, ते दगडफुलाच्याच गोतातलं. बुरशी आणि शैवाल यांची ही भागीदारी गोड्या मसाल्यात घालून आपण आमटी ओरपतो.

आता येत्या पावसाळ्यासाठी एक विनंती. वृक्षारोपणाच्या उत्साहात टेकडीच्या उघड्या कातळावर किंवा गवताळ माळावर खड्डे घेऊ नका, पोयटा टाकून गिरिपुष्प तर मुळीच लावू नका. झाड लावायचंच असेल तर सोसायटीच्या आवारात लावा. तिथे सावलीची गरजही जास्त आहे.