उत्तर कुठे संपतं आणि जाहिरात कुठे सुरू होते?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस जाहिरातींच्या नियमांवर काय बोलणार? पण दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवायचा, हा या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि तो आपल्या न्यायदर्शनाने फार पूर्वीच हाताळलेला आहे. शिवाय रत्नागिरीत तो समजावणं सोपं, कारण आपल्याकडे आंबा आहे.

समजा, पुण्यातल्या कुणी फोनवरच्या चॅटबॉटला विचारलं, "अस्सल रत्नागिरी हापूस कसा ओळखायचा?" तो साल सांगेल, वास सांगेल, देठाजवळचा आकार सांगेल. आणि त्याच ओघात म्हणेल, अमुक विक्रेत्याकडे पेटी मिळते. आता हे नाव त्याला योग्य वाटलं म्हणून आलं, की कुणी पैसे दिले म्हणून? वर्तमानपत्रात हा गोंधळ कमी होतो. तिथे चौकट असते, टाइप वेगळा असतो, कोपऱ्यात 'जाहिरात' असं छापलेलं असतं. संवादाला चौकट नसते. एकच आवाज, एकच ओघ.

आणि हे नुसतं 'समजा' राहिलेलं नाही. पर्प्लेक्सिटी या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तराखाली सुचवल्या जाणाऱ्या पुढच्या प्रश्नांत पैसे देऊन आलेले प्रश्न दाखवायला सुरुवात केली. म्हणजे बघा, उत्तर नाही, तुमचा पुढचा प्रश्नच विकला! जानेवारी २०२६ मध्ये ओपनएआयने जाहीर केलं, की चॅटजीपीटी फुकट वापरणाऱ्या आणि 'गो' योजना घेतलेल्या अमेरिकेतल्या लोकांना आम्ही जाहिराती दाखवून पाहणार आहोत. सोबत नियमही सांगितले: जाहिरात उत्तराखाली, वेगळी, तसं स्पष्ट लिहून, उत्तरावर तिचा परिणाम नाही, अठरा वर्षांखालच्यांना ती दिसणार नाही, आरोग्य, मानसिक आरोग्य, राजकारण अशा नाजूक विषयांच्या आसपास ती येणार नाही.

हे नियम असेच का? इथे वात्स्यायन मदतीला येतो. न्यायसूत्रांवरचा हा भाष्यकार. शब्द हे ज्ञानाचं साधन आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण? ज्याने गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, कसोटी सगळ्यांना तीच, असंही वात्स्यायन म्हणतो. मला हे फार मोठं वाटतं. प्रतिष्ठा बघू नका, जाणणं आणि सांगण्यामागची इच्छा बघा.

यंत्र पहिल्याच अटीत अडकतं, त्याने आंबा कधी चाखलेला नाही! ते असो. जाहिरातीचा संबंध दुसऱ्या अटीशी आहे. विक्रेत्याची इच्छा 'जसं आहे तसं सांगावं' एवढीच नसते, 'घ्यावं' अशीही असते. त्यात पाप काही नाही. बाजारात ओरडणाऱ्याला आपण खोटारडा म्हणत नाही, कारण तो विकतोय हे आपल्याला दिसतं. त्यानेच मास्तरांचा कोट घालून वर्गात येऊन तेच सांगितलं, तर मात्र फसवणूक होते. शब्द तेच असले तरी.

भारतीय कायद्याने हेच पकडलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी काढली, त्यात एक आहे छुपी जाहिरात: इतर मजकुरात मिसळून जाईल अशी. त्याआधी जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. चॅटबॉट नवा असला तरी त्यातली जाहिरात ही जाहिरातच, तिला वेगळी सूट नाही.

आता आपल्या बागायतदारांसाठी. 'हापूस' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्या भागापुरतं. बाहेरून आलेला आंबा त्या नावाने विकता येत नाही आणि मानांकन वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आता अनेक जण जाहिरातीचा मजकूर यंत्राकडूनच लिहून घेतात. ते बिचारं उत्साहाने लिहितं, 'मानांकनप्राप्त अस्सल हापूस'. तुमची नोंदणी आहे की नाही, त्याला काय ठाऊक? कोकमाचं तर विचारूच नका. पित्त घालवतं, वजन उतरवतं, साखर आटोक्यात ठेवतं... खाद्यपदार्थ आजार बरा करतो असा दावा करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांची मनाई आहे. कारखान्यातल्या मालाला 'घरगुती' म्हणणंसुद्धा त्या नियमांत बसत नाही. मजकूर कुणी लिहिला हे कायदा विचारत नाही, माल कुणाचा हे विचारतो.

मागे कुणीतरी विचारतंय, "सर, आमच्या व्हॉट्सॲपवर बॉट ठेवलाय, तो गिऱ्हाइकाला चुकीचं बोलला तर?" चांगला प्रश्न. कॅनडात हे घडलं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतरच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. बॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, अशा थाटाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क मला पटतो. दुकानात बसवलेला नोकर गिऱ्हाइकाला काही बोलला, तर मालक 'तो तर वेगळा माणूस' असं म्हणू शकत नाही, मग यंत्राबद्दल कसं म्हणेल? तेव्हा बॉटला दर, पाठवणीचा दिवस, आंबा खराब निघाला तर काय, हे नेमकं लिहून द्या. प्रकृतीबद्दल काही विचारलं, तर त्याने डॉक्टरांकडे बोट दाखवावं, बस.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली वाटत नाही. उत्तराखाली वेगळी चौकट, हा उपाय डोळ्यांसाठी आहे. आपल्याकडच्या कितीतरी आज्या फोनला बोलून विचारतात आणि उत्तर ऐकतात. तिथे चौकट कुठली? समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींसाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केले, त्यात नुसत्या आवाजाच्या माध्यमात ही जाहिरात आहे असं सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगावं, अशी अट आहे. ती बोलणाऱ्या यंत्रालाही लावावी. आणि मराठीत लावावी. २०२२ च्या तत्त्वांत खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, असं म्हटलेलं आहेच. मराठीत विचारलं, मराठीत उत्तर आलं आणि मध्येच 'स्पॉन्सर्ड' एवढाच शब्द पुटपुटला, तर आजीला वाटेल आंब्याच्या जातीचंच नाव असेल. 'ही जाहिरात आहे' हे तीन शब्द बोलायला यंत्राला काही जड नाही.

बोला, आणखी कुणाला विचारायचंय?